सासरेबुवांचं घड्याळ आणि ऐंशी फूट

समितीने माझं घड्याळ पाण्याच्या ग्लासात सोडलं तेव्हा सकाळचे साडेअकरा वाजले होते. मला वेळ नेमकी माहीत आहे, कारण ग्लासातलं घड्याळ तीच दाखवत होतं.

खोलीत चार अधिकारी, एक स्टेनो आणि मी. चौघेही ग्लासाकडे असे बघत होते, की आता हे घड्याळ गुन्हा कबूल करणार. घड्याळ टिकटिक करत राहिलं. पाच मिनिटं गेली, दहा गेली. वर पंखा फिरत होता, तो वीज गेल्यामुळे थांबला. घड्याळ थांबलं नाही.

"वॉटरप्रूफ तर दिसतंय," अध्यक्ष म्हणाले.

"साहेब," मी म्हणालो, "तक्रार पाण्याची नाहीच आहे. तक्रार आहे की ते बारा मिनिटं पुढे गेलं. मग बुडवताय कशाला?"

"मिस्टर बोरकर, टेस्टची एक प्रोसिजर असते."

माझं डोकं तापायला एवढं पुरतं. पण तेव्हा मी काय बोललो ते नंतर सांगतो. आधी मी कोण आणि त्या खोलीत का होतो, ते सांगायला हवं.

मी घड्याळजी. मूळचा भंडाऱ्याकडचा. काका खरगपूरला रेल्वेत होते, त्यांच्यामागे तेराव्या वर्षी आलो. रेल्वेच्या गार्डांची खिशातली घड्याळं दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीच्या हाताखाली नऊ वर्षं घातली. मग कलकत्त्याला राधाबाजारात दुकान घेतलं. राधाबाजार म्हणजे कलकत्त्यातली घड्याळांची गल्ली. माझं दुकान साडेचार फूट रुंद. आत दोन माणसं एका वेळी उभी राहिली, तर एकाला श्वास रोखून धरावा लागे. शाळा सातवीपर्यंत, पण भाव करण्यात मला कोणी हरवलेलं नाही. हे मी फुशारकीने सांगत नाही; राधाबाजारात विचारा.

पुढे सरकारी ऑफिसांची कामं मिळू लागली. भिंतीवरची घड्याळं, टेबलावरची घड्याळं, शिपायाने पाडलेली घड्याळं. अशी पाच ऑफिसं माझ्याकडे होती आणि त्यांच्यावरच दुकान चाले. त्यांत एक होतं सर्वेक्षणाचं खातं. नाव सांगत नाही. तिथल्या काही लोकांना अजून माझा राग आहे आणि मला त्यांचा.

सत्तर सालच्या आधी या खात्यातले करमरकर साहेब माझ्या दुकानात आले. राहायला बालीगंजला, बदलीवर आलेले, मूळचे पुण्याचे. दुकानावरची पाटी वाचून आत शिरले आणि मराठीत म्हणाले, "बोरकर, आपला माणूस म्हणून मुद्दाम तुमच्याकडे आलो." हे वाक्य ऐकलं की मी सावध होतो. आपला माणूस म्हणून आलेलं गिऱ्हाईक दुसऱ्या वाक्यात भाव पाडतो. करमरकर साहेबांनी दुसऱ्या वाक्याचीही वाट पाहिली नाही. खुर्चीवर बसता बसताच पाडला.

त्यांना डोंगरात काम करणाऱ्या पार्टीसाठी दहा घड्याळं हवी होती. ऑफिसने कसं घड्याळ हवं याचा कागद केला होता. तो वाचून मी हसलो, आणि तिथूनच आमचं बिनसलं असावं. कागदावर लिहिलं होतं की घड्याळ ऑटोमॅटिक असावं, तारीख दाखवणारं असावं आणि दिसायला भारदस्त असावं.

"भारदस्त कशाला?" मी विचारलं. "डोंगरावर कोण बघणार?"

"खात्याची शोभा असते, बोरकर."

मी त्यांना माझ्या पद्धतीने समजावलं. ज्यांना पुढेमागे डोंगरासाठी घड्याळ घ्यायचं असेल, त्यांनीही ऐकून ठेवावं. ऑटोमॅटिक म्हणजे हाताच्या हालचालीने आपोआप चावी बसणारं. आत एक वजन गरगर फिरत असतं. दगडावर हातोडा मारणाऱ्या माणसाच्या मनगटावर ते वजन वेड्यासारखं फिरतं आणि लवकर झिजतं. त्यापेक्षा रोज सकाळी हाताने चावी द्यायचं साधं घड्याळ चांगलं. तारीख नकोच, तारखेसाठी आत आणखी चाकं लागतात, आणि डोंगरावर तारीख चुकली म्हणून कोणी कड्यावरून पडत नाही. मागचं झाकण दाबून बसवलेलं नको, आटे असलेलं हवं, म्हणजे घाम आणि पाऊस आत जात नाही. कातडी पट्टा घामाने महिन्याभरात कुजतो, म्हणून कापडी पट्टा. तबकडी पांढरी, आकडे मोठे, अंधारात चमकणारे. सेकंदकाटा मध्यावरून फिरणारा. चाकं झिजू नयेत म्हणून आत सतरा ज्वेल, म्हणजे खडे, आणि देशी बनावटीचं. बस.

"फार साधं वाटतं हो," करमरकर साहेब म्हणाले.

"साधंच आहे. तुमच्या मनगटावरचं भारदस्त आहे."

त्यांच्या मनगटावर सोन्याचं स्विस घड्याळ होतं. त्यांनी ते जरा वर केलं. "सासऱ्यांनी दिलेलं. लग्नात. पंचवीस वर्षांत एक सेकंद चुकलेलं नाही."

सेकंद न चुकणारं घड्याळ मी जन्मात पाहिलेलं नाही. पण गिऱ्हाइकाच्या सासऱ्याविषयी बोलू नये, हे धंद्यात शिकलो होतो.

पाऊण तास भावाची झटापट झाली. साहेब दोनदा उठून दारापर्यंत गेले. मी दोन्ही वेळा त्यांना जाऊ दिलं. ते दोन्ही वेळा परत आले. शेवटी माझी घड्याळं माझ्या भावात गेली. फक्त कापडी पट्टे मी वरून फुकट दिले, म्हणजे साहेबांना घरी सांगायला काहीतरी राहिलं.

त्यानंतर दोन हंगाम कोणाची तक्रार नव्हती. तिसऱ्या हंगामात, एप्रिलमध्ये, रजिस्टर पत्र आलं. इंग्रजी मोठं होतं, अर्थ छोटा होता. घड्याळ नंबर सातमध्ये दोष आढळला असून, त्यामुळे पुरुलियाकडच्या एका टेकडीची उंची ऐंशी फूट कमी आली आहे. आपलं नाव काळ्या यादीत का टाकू नये, याचा खुलासा करावा. सही करमरकर साहेबांची.

काळी यादी म्हणजे काय ते सांगतो. एका खात्याने तुम्हाला काळ्या यादीत टाकलं, की त्याचं परिपत्रक बाकीच्या खात्यांना जातं. माझी पाचही ऑफिसं एका कागदाने गेली असती. म्हणजे साडेचार फुटांचं दुकान गेलं. म्हणजे पुन्हा कोणाच्या तरी हाताखाली बसणं. वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी.

आपला माणूस म्हणून भाव पाडायला आला होता, आणि पत्रावर पहिली सही आपल्याच माणसाची. हे मला आजही पचलेलं नाही.

आता त्या खोलीत परत येतो. समितीत करमरकर साहेबही होते, चौघांतले तिसरे. मी विचारलं, "हे घड्याळ तुम्ही किती दिवस ऑफिसात ठेवलंत?"

"आठ दिवस," अध्यक्ष म्हणाले.

"किती चुकलं?"

अध्यक्षांनी फाईल उलटली. "आठ दिवसांत पंधरा सेकंद."

"मग दोष कुठे आहे?"

यावर करमरकर साहेब अगदी शांतपणे म्हणाले, "दोष डोंगरावर दिसतो. हे घड्याळ कलकत्त्यात नीट चालतं."

स्टेनोने तेही लिहून घेतलं.

मी उभा राहिलो. टेबलावर हात आपटला, तसा ग्लास हलला आणि पाणी फाईलवर सांडलं. मी म्हणालो, "साहेब, मी गेली तीस वर्षं घड्याळं उघडतोय. गावाचं नाव वाचून चालणारं घड्याळ मी पाहिलेलं नाही. मला त्या डोंगरावर घेऊन चला."

अध्यक्ष फाईल रुमालाने पुसत होते. म्हणाले, "स्वखर्चाने जाऊ शकता."

"रेल्वेचं तिकीट माझं. स्टेशनपासून जीप तुमची. जेवण मेसमध्ये."

"मिस्टर बोरकर, इथे भाव करताय?"

"माझ्या नावाचा प्रश्न आहे. भाव करणारच."

जीप मिळाली. जेवण मिळालं. फाईलवरच्या डागाचं मात्र वेगळं पत्र आलं.

पुढच्या आठवड्यात बुधवारी मी हावड्याहून निघालो. मला डोंगर माहीत नाहीत. हावड्याचा पूल चढताना मला दम लागतो. बरोबर खरगपूरच्या मिस्त्रीने दिलेलं खिशातलं रेल्वेचं घड्याळ घेतलं. माझा विश्वास फक्त त्याच्यावर.

गुरुवारी पहाटे कँपवर पोचलो. आठ-दहा तंबू, एक जीप, खाली ओढा, समोर ती टेकडी. ऐंशी फूट कमी झाल्याचं तिच्याकडे बघून वाटत नव्हतं.

तिथलं काम मी समजून घेतलं, ते वाचकांनाही थोडक्यात सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. उंच जावं तसा हवेचा दाब कमी होतो. बॅरोमीटर तो दाब दाखवतो. त्यावरून उंची काढता येते. पण एक अडचण आहे. दाब नुसत्या उंचीने बदलत नाही. ऊन, ढग, वारा यांनीही दिवसभर वरखाली होतो. म्हणून दोन बॅरोमीटर घेतात. एक पायथ्याशी तंबूत, दुसरा डोंगरावर फिरणाऱ्या माणसाकडे. दोघेही दर दहा मिनिटांनी वेळ आणि दाब लिहितात. नंतर अकरा वाजून वीस मिनिटांचा खालचा आकडा आणि अकरा वाजून वीस मिनिटांचाच वरचा आकडा जुळवतात. फरकावरून उंची निघते. म्हणजे सगळा खेळ दोन घड्याळांचा. दोघांची वेळ एक हवी.

एरवी पाच-दहा मिनिटं इकडेतिकडे झाली तरी बिघडत नाही. एखाददुसऱ्या फुटाचा फरक पडतो, तो कोणाला कळत नाही. पण ज्या शनिवारी हे ऐंशी फूट हरवले, त्या दुपारी कालबैसाखीचं वादळ आलं होतं. बंगालमध्ये चैत्र-वैशाखात असं वादळ अचानक येतं, आणि ते येताना हवेचा दाब काही मिनिटांत एकदम चढतो. अशा वेळी बारा मिनिटं म्हणजे ऐंशी फूट. संध्याकाळी दोन्ही घड्याळं शेजारी ठेवली, तर खालचं बारा मिनिटं पुढे. तेच नंबर सात.

वर जाणारे सर्व्हेअर मंडलबाबू. पायाने काटक, बोलायला कमी. खाली बॅरोमीटरपाशी बसणारे हालदारबाबू. वय छप्पन्न, उत्तर कलकत्त्यात बागबाजारचे, पेन्शनला दोन वर्षं राहिलेली. ते माझ्याशी हिंदीत बोलत, मी त्यांच्याशी बंगालीत. दोघांनाही दुसऱ्याचं ऐकून हसू येई.

सकाळी सात वाजता मंडलबाबूंच्या ट्रान्झिस्टरवर वेळेचे ठोके वाजले. मंडलबाबू आणि हालदारबाबूंनी घड्याळं जुळवली. मी माझं रेल्वेचं घड्याळ काढलं. तिन्ही एक. मंडलबाबू डोंगर चढायला निघाले. मी हालदारबाबूंशेजारी स्टूल टाकून बसलो. हे स्टूल मी दिवसभर सोडणार नव्हतो.

हालदारबाबू दर दहा मिनिटांनी वहीत ओळ लिहीत. अक्षर छापल्यासारखं. आठ, नऊ, दहा, अकरा. नंबर सातच्या जागी दिलेलं नंबर चार माझ्या रेल्वेच्या घड्याळाशी सेकंदाने जुळत होतं. बारा वाजले. साडेबारा वाजले. मी मनात म्हणालो, आता काय उगवतंय बघू.

या पार्टीचे प्रमुख करमरकर साहेबच; ते आपल्या तंबूतून बाहेर आले. साहेब वक्तशीर माणूस. दुपारचं जेवण एकला म्हणजे एकला. त्यात कधी खंड नाही.

"हालदारबाबू, वाजले किती?"

हालदारबाबूंनी मनगट बघितलं. "एकला आठ मिनिटं कमी, सर."

साहेबांनी आपलं सोन्याचं मनगट बघितलं. "एक वाजला."

"येस सर. एक."

आणि हालदारबाबूंच्या उजव्या हाताची दोन बोटं डाव्या मनगटावर गेली. त्यांनी घड्याळाची चावी ओढली, काटा आठ मिनिटं पुढे नेला, चावी दाबली आणि जेवणाचा डबा उघडला. एवढ्या सफाईने, की डोळ्याचं पातं लवलं असतं तर मला दिसलं नसतं. पण पातं न लवता बघणं हाच माझा धंदा.

साहेब मेसच्या तंबूकडे गेल्यावर मी म्हणालो, "हालदारबाबू, हे काय केलंत?"

"काय केलं?"

"काटा फिरवलात."

"साहेब म्हणाले एक वाजला."

"पण वाजला नव्हता."

हालदारबाबूंनी माशाचा काटा काढून बाजूला ठेवला. "बोरकरबाबू, तुम्ही दुकानदार. तुमच्या भिंतीवर वीस घड्याळं वीस वेगवेगळ्या वेळा दाखवतात, तुम्हाला कोणी विचारत नाही. इथे साहेबांच्या घड्याळापेक्षा माझं मागे कसं असेल? सकाळी रेडिओचं टाइम. दुपारी साहेबांचं टाइम. तीस वर्षं असंच चालू आहे. साहेब बदलतात तसं टाइम बदलतं."

"आणि मंडलबाबूंचं घड्याळ?"

"ते डोंगरावर. तिथे साहेब कुठे जातात?"

मी कपाळावर हात मारला. दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, पुन्हा बसलो. साहेब आले. "वाजले किती?" "एकला दहा कमी, सर." "एक वाजला." "येस सर." काटा दहा मिनिटं पुढे.

गुरुवारी आठ, शुक्रवारी दहा. मला सासरेबुवांच्या घड्याळाची नाडी सापडली. ते रोज दोन मिनिटं पुढे जात होतं. मी जीपवाल्याला विचारलं. त्याने सांगितलं, की साहेब दर रविवारी सामान आणायला स्टेशनवर येतात आणि फलाटावरच्या घड्याळाशी आपलं घड्याळ लावतात. म्हणजे रविवारी बरोबर, सोमवारी दोन, मंगळवारी चार, आणि शनिवारी बारा. वादळ आलं होतं शनिवारी.

मी हालदारबाबूंच्या जुन्या वह्या मागितल्या. प्रत्येक शनिवारी बारा पन्नासची ओळ नव्हती. बारा चाळीसनंतर एकदम एक. दहा मिनिटं त्या सुंदर अक्षरात कुठेच नव्हती. ऑफिसात या वह्या तीन माणसं तपासून सह्या करत. तिघांनी सह्या केल्या होत्या.

माझा पुरावा झाला. आता मला वाटलं, कलकत्त्याला जावं, समितीपुढे ती वही आपटावी, आणि या वेळी पाण्याचा जगच सांडावा. सगळी वाक्यंसुद्धा मी मनात जुळवून ठेवली. हालदारबाबूंना तसं बोललोही.

त्यांचा चेहरा राखेसारखा झाला. "सांगा," ते म्हणाले. "तुमचं नाव आहे. पण साहेबांचं घड्याळ चुकलं असं कागदावर कोणी लिहिणार नाही. लिहितील, की क्लार्कने काटा फिरवला. ते खरंही आहे. मग माझ्यावर चौकशी. चौकशी चालू असताना पेन्शन मिळत नाही. घरी दोन मुली आहेत, बोरकरबाबू. नाहीतर मीच सांगितलं असतं."

मला राग आला. त्यांचाही आला. पण त्यांच्या जागी मी काय केलं असतं, याचं उत्तर मला सापडेना. मग जे येतं ते करायचं ठरवलं.

संध्याकाळी साहेब ओढ्याकाठी फिरायला जात. मी बरोबर गेलो. कँपवर मराठी आम्हा दोघांनाच येत होतं, त्यामुळे मोठ्याने बोलायलाही हरकत नव्हती.

"साहेब, तुमचं घड्याळ दिवसाला दोन मिनिटं पुढे जातं."

"अशक्य."

मी रेल्वेचं घड्याळ त्यांच्या मनगटाशेजारी धरलं. मग गुरुवार सांगितला, शुक्रवार सांगितला, रविवार सांगितला. वहीतल्या शनिवारच्या ओळी सांगितल्या. साहेब हुशार माणूस. चौथ्या वाक्याला त्यांना सगळं कळलं, आणि पाचव्याला ते आवाज चढवून म्हणाले, "म्हणजे हालदारने काटे फिरवले! मी त्याला…"

"साहेब, हालदारांनी तुमच्या तोंडून ऐकलेली वेळ लावली. समितीपुढे मी हेच सांगेन. अध्यक्ष विचारतील, साहेबांचं घड्याळ आणा बघू. मग ते ग्लासात जाईल. सोन्याचं घड्याळ वॉटरप्रूफ नसतं."

साहेब थांबले. "तुम्ही मला धमकी देताय?"

"नाही. भाव करतोय."

"मराठी माणसाने मराठी माणसाशी…"

"ते तुम्ही पत्रावर सही करताना म्हणायला हवं होतं!" इथे मात्र माझा आवाज एवढा चढला, की मेसचा आचारी तंबूतून डोकावला. मी श्वास घेतला. "माझ्या तीन अटी आहेत. नंबर सात निर्दोष आहे असं पत्र. हालदारांच्या केसाला धक्का नाही. आणि तुमचं घड्याळ माझ्या दुकानात दुरुस्तीला."

साहेब ओढ्याच्या कडेने वीसेक पावलं गेले. मी जाऊ दिलं. ते परत आले.

"पहिल्या दोन मान्य. तिसरी नाही."

"का?"

"सासऱ्यांचं घड्याळ आहे. ते चुकत नाही."

पाऊण तास घासाघीस करूनही त्यांनी तिसरी मान्य केली नाही. माणसाची नोकरी जाईल, नाव जाईल, पण सासरेबुवांची दोन मिनिटं जाणार नाहीत. मी ती अट सोडून दिली. धंद्यातली माझी ही एकच हार.

समितीचा निकाल महिन्याने आला. घड्याळ नंबर सात निर्दोष. उंचीतली तफावत 'वादळी हवामानामुळे'. टेकडीला तिचे ऐंशी फूट परत मिळाले. माझं नाव काळ्या यादीत गेलं नाही. हालदारबाबूंना कोणी काही विचारलं नाही. दोन वर्षांनी पेन्शन घेऊन ते बागबाजारच्या घरी बसले आणि पहिल्याच आठवड्यात संदेश मिठाईचा डबा घेऊन दुकानात आले. श्वास रोखून उभं राहण्याची पाळी माझ्यावर आली, कारण त्यांनी सगळं कुटुंब आणलं होतं.

इथे ही गोष्ट संपली असती, तर मी लिहायला बसलो नसतो. निकालानंतर दोन महिन्यांनी खात्याचं परिपत्रक निघालं. मंडलबाबूंनी मला दाखवलं. 'फील्डमधील वेळेच्या तफावती टाळण्यासाठी, पार्टीतील सर्व घड्याळे दररोज सकाळी काम सुरू होण्यापूर्वी पार्टीप्रमुखांच्या घड्याळाशी जुळवून घ्यावीत.' सूचना: श्री. करमरकर.

मी वाचून हसलो. मग हसू थांबलं. कारण विचार केला तर ते बरोबर होतं. उंची काढायला वेळ खरी लागत नाही. दोन घड्याळांची एक लागते. सगळ्यांनीच सकाळी सासरेबुवांची वेळ लावली, तर दुपारी साहेबांनी 'एक वाजला' म्हटल्यावर हालदारबाबूंना काटा अर्ध्या मिनिटाहून जास्त फिरवावा लागत नव्हता. पुढच्या हंगामात सगळ्या टेकड्या बिनचूक आल्या. सगळा कँप आठवड्याच्या शेवटी देशाच्या बारा मिनिटं पुढे जगत होता, आणि कोणाचं काही अडत नव्हतं. फक्त रविवारची गाडी पकडायला माणसं लवकर पोचत.

करमरकर साहेबांना त्या सूचनेबद्दल खात्याचं प्रशस्तिपत्र मिळालं. डोंगरावर स्वखर्चाने गेलो मी, स्टुलावर दोन दिवस बसलो मी. परिपत्रकात माझ्या नावाचं एक अक्षर नाही. पुढची चाळीस घड्याळांची ऑर्डर गल्लीतल्याच दत्तबाबूंना गेली. तारीख दाखवणारी, ऑटोमॅटिक, भारदस्त.

चार वर्षांनी साहेबांची दिल्लीला बदली झाली. जायच्या आधी ते दुकानात आले. आपला माणूस वगैरे काही बोलले नाहीत. मनगटावरचं सोन्याचं घड्याळ काढून काउंटरवर ठेवलं. "दिल्लीला ऑफिसात भिंतीवर इलेक्ट्रिक घड्याळ असतं म्हणे," एवढंच म्हणाले.

मी उघडलं. आत कोणीतरी तेल ओतलं होतं, थेंबाच्या जागी चमचाभर. घड्याळात केसासारखी एक गुंडाळलेली तार असते, हेअरस्प्रिंग. तिचा फुलोरा जेवढा मोकळा, तेवढी वेळ बरोबर. तेलाने तिचे वेढे एकमेकांना चिकटले, की घड्याळ पळत सुटतं. अर्ध्या तासाचं काम. तार धुतली, वाळवली, बसवली. रेल्वेच्या घड्याळाशेजारी तीन दिवस ठेवलं. तीन दिवसांत चार सेकंद.

"तेल कोणी घातलं होतं?" मी विचारलं.

"दत्तबाबूंनी. ते स्वस्तात करतात."

मी त्यांना माझा भाव सांगितला. त्यांनी पाडायचा प्रयत्न केला नाही. तेवढं समाधान मला मिळालं.

सहा महिन्यांनी दिल्लीहून त्यांचं पत्र आलं. सुवाच्य अक्षरात, मराठीत. 'बोरकर, तुम्ही हात लावल्यापासून घड्याळ इथल्या मोठ्या साहेबांच्या घड्याळापेक्षा आठवड्याला बारा मिनिटं मागे पडतं. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. कृपया खुलासा करावा.'

खुलासा मी पाठवला नाही. पण डोंगरासाठी घड्याळ घ्यायला येणाऱ्या प्रत्येकाला तेव्हापासून झाकण, पट्टा, काच हे सगळं सांगून झाल्यावर शेवटी एकच प्रश्न विचारतो. तुमच्या साहेबांच्या मनगटावर काय आहे? आधी ते बघून या, मग आपण भावाचं बोलू.